चादरीत हवा भरेपर्यंत

९ जानेवारी

ताई म्हणाली, डायरी लिही, म्हणजे तुझी कटकट मला ऐकावी लागणार नाही. मोठ्या बहिणीचा सल्ला आहे, ऐकायलाच हवा. शिवाय आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

आज चादर उडाली. तशी ती दिवाळखोरासारखी इकडेतिकडे भटकत होतीच गेले काही आठवडे, पण त्याला उडणं म्हणत नाहीत. मी आणि ताई करतोय त्या गेममध्ये गच्चीवर वाळत घातलेली एक चादर वाऱ्याने सुटते, गावभर फिरते आणि अंधार पडायच्या आत तिला आपल्या दोरीवर परत यायचं असतं. शत्रू नाहीत, बंदुका नाहीत, गुण नाहीत. ज्याला सांगावं तो विचारतो, मग त्यात करायचं काय? उडायचं, बाबा. कंट्रोलरवरची डावी स्टिक अंगठ्याने कलवायची, चादर तिकडे जाते. बस.

पण कलवल्याबरोबर ती जात नाही. आधी कोपरा वळतो, मग पोटात हवा भरते, आणि मग कुणी ओढल्यासारखी ती निघते. अंगठा कलवल्यापासून हवा भरेपर्यंतचा जो क्षण आहे, सगळा गेम त्या क्षणात आहे. तो लांबला तर माणूस कंटाळतो. आखूड झाला तर चादरीची माशी होते. आज तो सापडला. कसा सापडला ते सांगता येणार नाही, आकडे खालीवर करत होतो आणि एकदम अंगठ्याला कळलं. ताईला हाक मारली. तिने उडवून पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर तिने टीका केली नाही.

१७ जानेवारी

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. खाली दुकानात माझी बायको लोकांची नजर तपासते, त्या ओळखीवर ही मिळाली. दोन टेबलं, एक कपाट आणि एक खिडकी, जी उघडली की बंद होत नाही. ताई खिडकीशी बसते. तिने पूर्वी पडद्यांच्या कापडावर फुलं काढली, वर्षानुवर्षं. आता छपरं, धुराडी आणि पाण्याच्या टाक्या काढते. म्हणते, फुलांपेक्षा टाक्यांना जास्त स्वभाव असतो.

आज समोरच्या खोलीतल्या काकूंना बोलावलं. काकू पूर्वी टेलिफोन जोडून द्यायचं काम करत. त्यांनी जन्मात गेम खेळलेला नाही, म्हणूनच त्या हव्या होत्या. त्यांना जमलं तर जगात कुणालाही जमेल. सुरुवातीला त्यांनी स्टिक अशी दाबली की जणू दारावरची बेल आहे. चादर दोनदा नदीत पडली. मग हळूहळू त्यांना सापडलं. चादर कलली की काकूही खुर्चीत कलायच्या. ताई तोंडावर हात धरून हसत होती.

जाताना काकू म्हणाल्या, “सोडून दिलं की जास्त छान जाते की रे ही.”

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, इतकं शहाणं वाक्य कुणी बोललं नव्हतं. दिवसभर खुशीत होतो.

४ फेब्रुवारी

गेम बाजारात आणणाऱ्या आमच्या प्रकाशकाचा फोन आला. मे महिन्यातल्या प्रदर्शनात आमचा गेम मांडणार. पूर्ण हवा म्हणाला, शेवटासकट. शेवट म्हणजे चादर दोरीवर उतरते तो भाग.

तो मी अजून केलेलाच नाही, मुद्दाम मागे ठेवला आहे. उडवणं सोपं, उतरवणं अवघड. दोरी बारीक. चादर वेगात आली तर पलीकडे जाते, अलगद आली तर वारा तिला उचलतो. शेवटच्या क्षणी स्टिक किती सोडायची, यावर सगळं. नीट झालं तर खेळणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटेल. नाही झालं तर आधीचं सगळं उडणं फुकट. ताईला म्हटलं, छपरं तू काढ, संगीत कुणाकडूनही घेऊ, पण उतरणं माझं. ती म्हणाली, बरं, राजे.

१९ फेब्रुवारी

कुणीतरी आकड्यांना हात लावला आहे. चादर जड झाली आहे. कलवतो आणि वाट बघत बसतो. ताईला विचारलं, तिने शपथ घेतली. फाईल उघडून पाहिली, आकडे तेच. मग माझाच अंदाज जानेवारीत चुकला असणार, नव्याच्या आनंदात काहीही बरं वाटतं. तो क्षण थोडा आखूड केला.

आज कप फुटला. हल्लीच्या कपांचे कान इतके बारीक असतात की धरायला बोट जात नाही. ताईचा आवडता होता, त्यावर तिनेच काढलेली टाकी होती. रागावली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त, आणि तुकडे तिनेच उचलले.

२ मार्च

कंट्रोलर म्हातारा झाला, हे निदान झालं. डावी स्टिक आतून झिजली असणार, रोज तीच वापरली जाते. नवा आणला.

घरी बायकोचं काहीतरी बिनसलं आहे. बरण्यांची झाकणं नुसती वर ठेवते, फिरवून लावत नाही. बिस्किटं मऊ पडतात. म्हटलं तर म्हणाली, विसरते. माझ्या वाढदिवसाला तिने डोक्यावरून घालायचे सदरे आणले, एकालाही बटण नाही. विचारलं, म्हातारपणाची तयारी का? एरवी माझ्या पाणचट विनोदांना निदान नाक तरी मुरडते. या वेळी तेही नाही. म्हणाली, घालून बघ, मापात आहेत का.

११ मार्च

नवा कंट्रोलरही घट्ट. दुकानात परत नेला, दुकानदाराने माझ्यासमोर स्टिक गरागरा फिरवून दाखवली आणि म्हणाला, साहेब, लोणी आहे. त्याला काय कळतंय. मी आकड्यांतच तोड काढली. आता स्टिक अर्धी कलवली तरी पूर्ण कलवल्यासारखी धरायची. मधली मोकळी जागा, जिथे अंगठा जरा हलला तरी चादर हलू नये म्हणून काही होत नसतं, तीही काढून टाकली. आता कशी, बोलावं आणि यावी.

ताईने खेळून पाहिली आणि कंट्रोलर टेबलावर ठेवला. म्हणाली, हे काय केलंस? मी म्हटलं, मोकळी केली. ती म्हणाली, मोकळी नाही, भेदरलेली आहे. मी म्हटलं, तू तुझी धुराडी बघ.

२० मार्च

काकूंना पुन्हा बोलावलं. बोलावलं नसतं तर बरं झालं असतं. चादर एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर आदळत होती, काकू स्टिकला बोट लावायलाही घाबरत होत्या. थोड्या वेळाने डोळे मिटून बसल्या. मळमळतंय म्हणाल्या. ताईने त्यांना पाणी दिलं. काकूंनी दाराशी थांबून विचारलं, हिला काय झालं रे, मागे किती शहाणी होती.

मग आमचं भांडण झालं. ताईचं म्हणणं, जानेवारीची चादर परत आण. माझं म्हणणं, जानेवारीची चादर म्हणजे चिखलात बसलेली म्हैस. ती म्हणाली, म्हैस कुणाला वाटते? मला वाटते, मी म्हटलं, आणि उडण्याबाबत या खोलीत माझा अंगठा प्रमाण आहे. हे मी फार जोरात म्हटलं बहुतेक, कारण खालून बायको वर आली.

माझंच चुकत असेल का? नाही. मी रोज सकाळी तिला दोन टाक्यांमधून नेऊन बघतो. जानेवारीच्या आकड्यांवर आता ती तिथे अडकते. जे अडकतं ते अडकतं, यात मत कसलं?

२७ मार्च

प्रकाशकाने कळवलं आहे. त्याच्या माणसांनी नवी चादर उडवली आणि लगेच खाली ठेवली. लिहितो, पहिल्या वेळी आमची हिशेब लिहिणारी बाई जेवायचं विसरून खेळत होती, ते कुठे गेलं? सभ्य माणूस आहे, पण वाक्याच्या शेवटी प्रदर्शनाचा उल्लेख अशा बेताने केला आहे की ते वाक्य मी पुन्हा वाचलं.

सगळे एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. असं कधी झालं नव्हतं. लोकांच्या हाताला काय बरं वाटतं हे मला त्यांच्याआधी कळायचं.

२ एप्रिल

वाद मिटवायला पुरावा लागतो. दोन दिवस बसून एक सोय केली. पडद्याच्या खालच्या कडेला दोन रेघा उमटतात. वरची अंगठ्याची, म्हणजे स्टिक कधी आणि किती ढकलली. खालची चादरीची. माझा मुद्दा असा की दोन रेघांमधलं अंतर सगळ्यांना दिसेल, मशीन कुठे उशीर करतं ते उघड होईल, आणि ताई गप्प बसेल.

ताई बसली. तिची अंगठ्याची रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली. काकूंना बोलावलं. सत्तरीच्या पुढची बाई, तिचीही भिंतच. मग मी बसलो. माझी रेघ चढावर ढकललेल्या हातगाडीसारखी गेली. वर पोहोचायच्या आधीच घसरली.

कंट्रोलर बदलला, तिघांनी पुन्हा केलं, तेच झालं. ताईचा घेतला, तरी तेच.

मी म्हटलं, इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात हलका झाला आहे, कारागिराचा हात हलकाच असतो. काकू “हो, हो” म्हणाल्या आणि गॅसवर दूध आहे सांगून निघून गेल्या. त्यांच्याकडे संध्याकाळी दूध नसतं. ताईने माझा डावा हात घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा, आणि अंगठ्यामागचा मांसल भाग दाबून पाहिला. मग उजव्याचा दाबून पाहिला. मग पुन्हा डाव्याचा. मी हात काढून घेतला.

हात हलका झाला आहे, एवढंच.

३ एप्रिल

बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मला न विचारता. पुढच्याच आठवड्याची. मी म्हटलं, एका रात्रीत एवढ्या मोठ्या डॉक्टरांची वेळ कशी मिळाली? ती म्हणाली, फेब्रुवारीत घेतली होती, आत्ता लागली.

म्हणजे बघा, किती गर्दी असते त्यांच्याकडे.

१० एप्रिल

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत. गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. मी सगळं पहिल्या प्रयत्नात केलं. मग म्हणाल्या, अंगठा करंगळीला लावा. उजव्याचा लागला. डावा अर्ध्या वाटेवर थांबून राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. ढकलत होतो, आतून, जोर लावून. तो ऐकत नव्हता.

मग सुईची तपासणी. बारीक सुई स्नायूत घालतात आणि यंत्रातून त्याचा आवाज ऐकतात. स्वस्थ बसलेल्या स्नायूने गप्प असावं, म्हणाल्या. माझ्या अंगठ्यामागे सुई गेली आणि यंत्र तडतडायला लागलं, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं. सवयीने मी विचारलं, हा आवाज जरा कमी होतो का? त्यांनी यंत्राचा आवाज कमी केला. मला ते म्हणायचं नव्हतं.

मग पायावर सुई टोचली. तिथेही तडतड, बारीक. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

१८ एप्रिल

आज सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत आहेत. गेलेल्या परत येत नाहीत. पुढे उजवा हात, मग बाकीचं. किती भरभर, हे आत्ता सांगता येत नाही. औषध आहे, त्याने वेग थोडा कमी होतो. थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांना मी “थोडं कमी, थोडं जास्त” सांगत आलो, आज तो शब्द ऐकवला नाही.

मी विचारलं, मला फक्त मेपर्यंत हा अंगठा हवा आहे, काही इंजेक्शन वगैरे देता येईल का, नंतर नसला तरी चालेल. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “असं करता येत नाही. आलं असतं तर मी केलं असतं.”

परतताना बसमध्ये बायको माझ्या डाव्या बाजूला बसली, एरवी ती खिडकीशी बसते. मला भीती वाटते आहे. दुसरं काही लिहिता येत नाही.

२१ एप्रिल

खोलीवर गेलो. ताईला सगळं माहीत होतं, बायकोने फोन केला होता. तिने जानेवारीचे आकडे परत बसवले होते. काहीच पुसलं नव्हतं तिने, प्रत्येक वेळचं वेगळं जपून ठेवलं होतं. काकूंनी येऊन उडवली. मागे बसून मी बघत होतो. कोपरा वळला, हवा भरली, चादर निघाली. काकू खुर्चीत कलल्या. अगदी बरोबर होतं सगळं. म्हैस माझ्या हातात होती.

मग मी किती जणांना मळमळ आणली, किती भांडलो. माझा अंगठा मागे पडत गेला आणि मी त्याच्यासाठी सगळ्या जगाला पुढे ढकलत होतो.

उतरणं राहिलंच आहे. ते कोण करणार?

२३ एप्रिल

उजव्या स्टिकवर करून पाहिलं. उजवा अंगठा आज्ञाधारक आहे, सांगाल ते करतो, पण त्याला उडता येत नाही. पाहुण्यासारखा वागतो, कुठे हात लावू आणि कुठे नको. शिकवायला वर्ष जाईल, आणि तो वर्षभर असेल का हेच माहीत नाही.

२५ एप्रिल

ताईने तोडगा काढला. आज सकाळी, माझ्याकडे न बघता, चित्र रंगवता रंगवता सांगितला. म्हणे, शेवटी स्टिक हळूहळू ऐकेनाशी होऊ दे. खेळणारा ढकलेल आणि चादर नाही ऐकणार. मग वाराच तिला घरी नेईल. उतरवायलाच नको.

मी म्हटलं, “माझ्या हाताचा तमाशा करायचाय का तुला?”

“मी तुझ्या हाताचं बोलत नाहीये.”

“मग कुणाच्या?”

ती उठून खिडकीशी गेली. खिडकी बंद करायचा प्रयत्न करत राहिली, जी कधीच होत नाही. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. माझा राग खरा होता. लोकांनी तिकीट काढून यावं, खेळावं, आणि जाताना माझी कीव घेऊन जावं, हे मला नको आहे. मला चादर नीट उतरवायची आहे. दुसरं काहीच मी मागत नाही.

२९ एप्रिल

आता असं चाललं आहे. ताई माझ्या खुर्चीत, कंट्रोलर तिच्या हातात, आकडेही तीच बदलते. मी शेजारी, हात मांडीवर ठेवून, लग्नघरातल्या आजोबांसारखा.

ती उतरवते. मी म्हणतो, थोडं कमी. ती विचारते, कशाचं कमी? मला सांगता येत नाही. वेग नाही, वजन नाही, कल नाही. या तिन्हींच्या मधलं काहीतरी. अंगठा असता तर एका क्षणात हात गेला असता. शब्दाने मी त्याच्या आजूबाजूलाच फिरतो. म्हटलं, झोपलेल्या बाळाला गादीवर ठेवताना आपला हात सगळ्यात शेवटी काढतो ना, तसं. ताई म्हणाली, तुला मूल नाही, मला मूल नाही, हे कुठल्या बाळाबद्दल चाललंय? दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण जमलं नाही. चादर दोरीवर येते आणि टॉवेलसारखी पडते.

५ मे

आज ताई घरून खरीखुरी चादर घेऊन आली. म्हणाली, शब्द पुरे झाले, करून दाखव. दुपारी गच्चीवर गेलो. तिथे दोरी आहेच, खालच्या दुकानदाराची फडकी वाळत असतात. आम्ही चादरीचे दोन-दोन कोपरे धरले, ती उजवीकडे, मी डावीकडे. झटकायची, हवा भरू द्यायची आणि दोरीवर सोडायची. पलीकडच्या गच्चीवरचं एक जोडपं बघत उभं राहिलं. त्यांना वाटलं असेल, काय टापटिपीची माणसं आहेत, एक चादर कितीदा वाळत घालतात.

हवा छान भरत होती. पण सोडायच्या वेळी माझ्या डाव्या हातातला कोपरा माझ्या मनाने सुटत नव्हता. बोटं आधी अडकायची, मग एकदम सुटायची. ताईची बाजू दोरीवर बसलेली असायची आणि माझी बाजू मागाहून, एक हेलकावा घेऊन पडायची. प्रत्येक वेळी. मी म्हटलं, माझ्या बाजूकडे बघू नकोस, तुझ्या बाजूसारखं हवं. ती म्हणाली, हं. पण ती माझ्याच बाजूकडे बघत होती, डोळे बारीक करून, चित्र काढण्याआधी बघते तसं.

९ मे

ताईने चार दिवस मला खोलीत येऊ दिलं नाही. आज बोलावलं. प्रकाशकाला उद्या द्यायचं आहे.

तिने चादर गावावरून आणली, टाक्यांमधून काढली, गच्चीवर आणली. स्टिक सोडली. उजवी बाजू दोरीवर बसली. डावा कोपरा वर राहिला, जरा अडकल्यासारखा, मग एक हेलकावा घेऊन खाली आला.

मला कळलं. ती चादर नव्हती, तो माझा हात होता. कुठलीही चादर अशी पडत नाही, माझ्याकडून सुटलेलीच अशी पडते. जे मी कुणालाही दाखवणार नाही म्हणून ओरडलो होतो, तेच ताईने गच्चीवरून उचलून नीट, प्रेमाने, मेहनतीने आणून ठेवलं होतं. आणि तिला ते माहीतही नव्हतं. तिला वाटलं, हेच मी शब्दात सांगू शकत नव्हतो.

“हेच ना?” तिने विचारलं.

चार दिवस ती झोपली नव्हती, हे तोंडावर दिसत होतं. नाही म्हणावं तर बरोबर काय ते मी सांगू शकत नव्हतो, आणि दाखवू तर मुळीच शकत नव्हतो.

“हेच,” मी म्हटलं.

“खरं सांग.”

“खरंच हेच.”

तिला शंका आली नाही असं वाटतं. तोंड धुवून येते म्हणाली आणि बराच वेळ नळ चालू होता.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, उतरणं झालं, मी पसंत केलं. ती म्हणाली, “दुकानात माणसं दमली की काचा न बघताच सांगतात, हेच बरं दिसतंय. मला कळतं. पण ते परत येतात, मी बदलून देते.” मी म्हटलं, इथे बदलून द्यायला कोणी नाही. तिने माझ्या ताटाशी चमचा ठेवला, हल्ली ठेवते तसा.

१६ मे

प्रदर्शन. मोठं सभागृह, जमिनीवर चिकटवलेल्या वायरी, सगळीकडे गोळ्या झाडल्याचे आवाज. आमचं टेबल कोपऱ्यात. ताईने मागे पडदा लावला आहे, तिचाच, जुना, फुलांचा. मला एक खुर्ची. हात खिशात ठेवून बसलो, तसं बसलं की कुणी हस्तांदोलनाला हात पुढे करत नाही.

चादर चालली. हे लिहायलाच हवं. लोक बसतात, आधी बेल दाबल्यासारखं दाबतात, मग सोडायला शिकतात, आणि मग त्यांचे खांदे खाली येतात. दुपारपर्यंत रांग लागली. प्रकाशक दोनदा येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

आणि सगळ्यांना उतरणं आवडतं. मागे बसून मी त्यांचे चेहरे बघत होतो. उजवी बाजू बसते, डावी मागे राहते, आणि त्या वेळात माणूस श्वास धरतो. मग कोपरा पडतो आणि तो हसतो. काही जण तेवढ्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहिले. ताई एकेकाला सांगत होती, ते माझ्या भावाने केलंय.

एक बाई खेळून उठल्या, ऑफिसातून थेट आल्या असाव्यात, खांद्याला पर्स तशीच होती. ताईने त्यांना माझ्याकडे पाठवलं. म्हणाल्या, “तो शेवटचा कोपरा. वाटतं, आता राहिलाच, आता नाही येत हा. जीव अडकतो हो तिथे. मुद्दाम तसं केलंय ना तुम्ही?”

ताई पलीकडून बघत होती.

“हो,” मी म्हटलं, “मुद्दाम.”

त्या आनंदाने मान हलवून गेल्या. पुढच्या माणसाने कंट्रोलर हातात घेतला आणि मला विचारलं, कुठलं बटण दाबायचं. मी सांगितलं, बटण नाही, डाव्या अंगठ्याने कलवायचं फक्त.